येरळाकाठची कैफियत

महाबळेश्वरचे पठार आणि माण तालुक्यातील दहिवडी ही दोन्ही ठिकाणे एकाच सातारा जिल्ह्याच्या दप्तरात नोंदलेली आहेत आणि त्यांच्यातील सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तरी एकीकडे वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि दुसरीकडे पाचशे मिलिमीटर पडला तर लोक त्या सालाला चांगले साल म्हणतात. ही तफावत नवी नाही. सह्याद्रीने ढग अडवावेत आणि पूर्वेकडील मुलखाच्या पदरी उरलेसुरले टाकावे, हा या प्रदेशाचा जुनाच रिवाज आहे. त्या रिवाजाला धरूनच पश्चिमेने भात, मधल्या नदीकाठाने ऊस आणि हळद, आणि पूर्वेने ज्वारी, बाजरी व मेंढरे अशी आपापल्या संसाराची घडी पिढ्यान्‌पिढ्या बसवली. नवे आहे ते निराळेच. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका अहोरात्रात सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहिवडीच्या वाट्याला वर्षभरात जेवढा येतो त्याहूनही अधिक. आणि २०१९ च्या ऑगस्टात सांगली जिल्ह्याच्या कृष्णाकाठी माणसे गच्च्यांवर बसून होडीची वाट पाहत होती, तेव्हा त्याच जिल्ह्याच्या जत तालुक्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर चालूच होते. एका जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने एकाच आठवड्यात दोन्ही प्रकारचे हुकूम निघावेत, हे आता आश्चर्य राहिलेले नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या रुंद पट्ट्यात पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि अरबी समुद्राच्या वाढत्या उष्णतेमुळे वाऱ्यांबरोबर येणाऱ्या बाष्पाचे लोट अधिक बेभरवशाचे झाले, हे त्यामागचे कारण. एकूण पाऊस वाढत नाही. तो थोड्या दिवसांत कोंबला जातो. हंगामाची सरासरी गाठली म्हणून तालुक्याची कचेरी समाधान मानते, आणि त्या सरासरीच्या पोटात एक महिन्याची उघडीप व तीन दिवसांचा प्रलय असे दोन्ही दडलेले असतात.

मानवी हक्क म्हटले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे पोलीस कोठडी, वृत्तपत्रावरील बंदी किंवा परदेशातील एखादी हुकूमशाही उभी राहते. तलाठ्याचा पंचनामा उभा राहत नाही. वास्तविक या दोन जिल्ह्यांत हवामानाच्या बदलाने ज्या ज्या हक्कांना हात घातला आहे, जगण्याच्या, पाण्याच्या, निवाऱ्याच्या, पोटापाण्याच्या, मुलांच्या शिक्षणाच्या, ते सारे अखेरीस एका छापील नमुन्याच्या रकान्यांतून जातात. आणि त्या रकान्यांत ज्याचे नाव बसत नाही, त्याचा हक्क राज्यघटनेत शाबूत असूनही व्यवहारात लोप पावतो. या लेखाचा रोख त्या रकान्यांवर आहे.

खटाव तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगरांत उगम पावणारी येरळा ही नदी या विषयाची चांगली वाटाडी आहे. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात हाती घेतलेल्या कामांपैकी एक असा पुसेगावजवळचा नेर तलाव तिच्यावरच आहे. पुढे वडूजवरून, येरळवाडीच्या धरणातून, मग सांगली जिल्ह्याच्या खानापूर-कडेगाव-तासगावच्या बाजूने ती दक्षिणेकडे उतरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते. वर्षातील बहुतेक महिने तिचे पात्र म्हणजे वाळू. पाणी असले तर कुठेतरी डोहात. अशा कोरड्या नदीच्या मुखाशी वसलेल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्ट २०१९ रोजी, कृष्णेचे पाणी येरळेच्या पात्रातून उलटे वर चढून गावाला वेढा पडलेला असताना, गावातील माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेक जण बुडाले. त्यांत बायका आणि मुले यांचाच भरणा होता. होडी लष्कराची नव्हती की आपत्ती प्रतिसाद दलाचीही नव्हती. ती गावातलीच होती, आणि तिच्या कुवतीपेक्षा अधिक माणसे तिच्यात बसली होती. मदत येईल म्हणून किती वेळ थांबायचे याचा अंदाज कोणालाच नसल्यामुळे लोक मिळेल त्या होडीत बसले, यात त्यांची चूक काढण्याचा अधिकार कोरड्या जागी उभ्या असलेल्या कोणाला आहे असे मला वाटत नाही.

या प्रसंगात कायद्याचे म्हणणे काय? भारतीय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने जीविताचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात त्यात उपजीविका घातली, १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात निर्मळ पाणी व हवा घातली, १९९५ साली चमेली सिंग खटल्यात निवारा घातला. आणि मार्च २०२४ मध्ये, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांतून निघतो असे प्रथमच स्पष्टपणे सांगितले. गंमत अशी की हा निकाल पुराच्या वा दुष्काळाच्या खटल्यात आलेला नाही. राजस्थान-गुजरातेतील सौरविजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याच्या रक्षणाचा तो खटला होता. म्हणजे माणसाचा हा हक्क एका नामशेष होत चाललेल्या पाखराच्या पाठीवर बसून न्यायालयात शिरला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पाण्याचा आणि बरोबर बारा वर्षांनी त्याच तारखेला स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क मान्य केला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने आलेल्या प्रकरणात, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे असा सल्लागारी अभिप्राय दिला. वरच्या मजल्यावर ही अशी समृद्धी आहे. आता तळमजल्यावर येऊ.

सांगलीकर पूर फुटांत मोजतो. शहराच्या पश्चिमेला १९२९ साली पटवर्धनांच्या संस्थानी राजवटीत बांधलेला आयर्विन पूल आहे आणि त्यावरील मोजपट्टीवर चाळीस फूट ही इशाऱ्याची व पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी आहे. पावसाळ्यात नातेवाइकाचा फोन आला की प्रकृती विचारण्याआधी ‘पुलाला किती फूट?’ असे विचारण्याची येथे पद्धतच पडून गेली आहे. चाळीसच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल वस्त्यांत पाणी शिरू लागते आणि तेथली माणसे भांडीकुंडी, शेगडी, मुलांच्या वह्या व म्हातारी माणसे घेऊन महापालिकेच्या शाळेत जातात. पन्नासच्या पुढे गावभाग, बाजारपेठ आणि सुस्थितीतील लोकांची घरे. २००५ साली पाणी चोपन्न फुटांच्या जवळ गेले तेव्हा तो शतकाचा पूर म्हणून लोकांनी भिंतींवर रेघा मारल्या. २०१९ साली ते साडेसत्तावन्न फुटांवर जाऊन त्या रेघा पाण्याखाली गेल्या. आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते पुन्हा पंचावन्नच्या घरात पोहोचले. पूर सर्वांना सारखा येत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर कोण राहतो हे जमिनीच्या भावाने केव्हाच ठरवून ठेवलेले असते. पाटबंधारे खात्याच्या नकाशांत निळी आणि तांबडी अशा दोन पूररेषा आहेत. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये असा नियम आहे, आणि त्या आत प्लॉट पाडून विकणाऱ्यांपेक्षा ते हप्त्याहप्त्याने विकत घेणाऱ्यांनाच नियमाचा उच्चार अधिक वेळा ऐकवला जातो.

२०१९ च्या त्या ऑगस्टात सांगलीच्या जिल्हा कारागृहातही पाणी शिरले आणि कैद्यांना वरच्या मजल्यावर नेऊन ठेवावे लागले. ज्यांना पळून जाण्याची मुभाच नाही अशा माणसांना पुरातून वाचवण्याचे उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्न त्या गडबडीत फारसा कोणी विचारला नाही. ७ ऑगस्टच्या शासननिर्णयाने मात्र महाराष्ट्रभर संताप उसळला. पूरग्रस्त कुटुंबास दहा किलो गहू व दहा किलो तांदूळ मोफत देण्याचा तो निर्णय होता, पण ते क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले असावे अशी त्यात अट होती. पूर्वीची अट याहूनही लांब होती असा खुलासा सरकारतर्फे आला, आणि तो खराही असेल. तथापि त्या खुलाशाने मूळ प्रश्न अधिकच उघडा पडला. म्हणजे वर्षानुवर्षे आमच्या दप्तरांत असे गृहीत धरलेले होते की भूक ही पाण्याच्या मुक्कामावर अवलंबून असते, आणि छत्तीस तासांत ओसरलेल्या पाण्याने भिजवलेले कणगीतले धान्य खाण्याजोगे राहते.

पंचनामा कसा होतो ते जवळून पाहण्यासारखे असते. पाणी उतरले की चिखलाने माखलेल्या गल्लीत तलाठी, ग्रामसेवक आणि सोबतीला दुसऱ्या तालुक्यातून आणलेला एखादा शिक्षक असे दारोदार फिरतात. भिंतीवर पाण्याने सोडलेली तपकिरी रेघ पाहायची, पडझड पूर्ण की अंशतः ते ठरवायचे, भ्रमणध्वनीने छायाचित्र काढायचे, शिधापत्रिका व आधार क्रमांक उतरून घ्यायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. हे कर्मचारी दुष्ट नसतात. बहुधा तेही रात्रभर जागलेले असतात आणि त्यांचे स्वतःचे घरही कधी पाण्यात असते. पण नमुना त्यांच्याहून प्रबळ असतो. २०१९ साली ग्रामीण कुटुंबास दहा हजार आणि शहरी कुटुंबास पंधरा हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळाले, ते ‘कुटुंबा’ला, आणि ज्या घरात चुली तीन परंतु शिधापत्रिका एक, तेथे तिसऱ्या चुलीचे काय, यावर गावोगाव तंटे झाले. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात पिकाची भरपाई जाते. जमीन वाट्याने करणाऱ्याचे, ज्याने बियाणे, खत आणि अंगमेहनत घातली, त्याचे नाव कोणत्याही रकान्यात येत नाही. उसाच्या लागणीवर व भांगलणीवर जगणाऱ्या बाईची तर दोन महिन्यांची मजुरी बुडते, पण बुडालेल्या मजुरीचा पंचनामा करण्याची पद्धतच नाही. कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीतील पेवे हे एकेकाळी सांगलीच्या बाजाराचे वैभव होते. २००५ च्या पुरात त्यांतील पुष्कळशी निकामी झाली, आणि त्यांबरोबर पेवात उतरून काम करण्याचे जे कसब काही घरांपाशी होते तेही गेले. हळदीची किंमत काढता आली. कसबाची कोणी काढणार नव्हते.

शेतपिकाचे नुकसान तेहतीस टक्क्यांहून कमी असेल तर मदत नाही. महसुली मंडळातील पर्जन्यमापकाने चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर नोंदवले नसतील तर ती अतिवृष्टी नाही. मोजमाप हवेच, त्यावाचून खजिन्याचा हिशेब लागणार नाही, हे मान्य. परंतु माप आधी आणि माणूस नंतर असा क्रम लागला की मदत ही मेहेरबानी होते, आणि मेहेरबानीवर दाद मागता येत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या बाराव्या कलमात निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय उपचार व स्वच्छता यांची किमान मानके आणि विधवा व अनाथांसाठी खास तरतुदी असाव्यात असे सांगितले आहे. ते कलम मदतछावणीच्या दारावर ठळक अक्षरांत लावावे, इतकी साधी गोष्टही सहसा होत नाही.

आता येरळेच्या वरच्या अंगाला, दुष्काळाकडे. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरज स्थानकातून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून एक आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. कृष्णेचे पाणी मिरजेच्या हैदरखान विहिरीवरून रेल्वेत चढताना साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि सांगली जिल्ह्याने त्याबद्दल रास्त अभिमानही बाळगला. मात्र ती गाडी जेथून सुटली तेथून पूर्वेला जत आणि उत्तरेला आटपाडी यांना त्याच उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागत होते, हे चित्रवाणीच्या चौकटीत मावले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना दुष्काळ हीदेखील २००५ च्या अधिनियमातील आपत्तीच आहे याची सरकारांना आठवण करून दिली. कारण पूर ही आपत्ती आणि दुष्काळ ही नुसती टंचाई, असा भेद प्रशासनाच्या मनात फार मुरलेला आहे.

ग्रामीण भागात टँकरने पाणी पुरवण्याचे माप माणशी दररोज वीस लिटरचे आहे. नळयोजनेसाठी हेच सरकार पंचावन्न लिटर धरते. म्हणजे ज्या साली तहान सर्वांत अधिक, त्या साली हक्क निम्म्याहून कमी. टँकर आला की तो सार्वजनिक विहिरीत रिकामा करायचा आणि लोकांनी ते शेंदून घ्यायचे, ही माण-खटावातील जुनी रीत. त्यात ज्याच्या घरी तरणी माणसे जास्त त्याच्या घागरी आधी भरतात, आणि एकट्या म्हातारीच्या वाट्याला तळचे गढूळ पाणी येते. वीस लिटरांचा तो हिशेब माणसांपुरता असतो. दावणीच्या म्हशीला दिवसाला त्याच्या कितीतरी पट लागते, आणि माणदेशात दावण रिकामी होणे म्हणजे संसार उठणे. म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यात म्हसवडला, आटपाडीला, जतेत चारा छावण्या उभ्या राहिल्या. छावणी हे एक तात्पुरते गाव असते: उसाच्या पाचटाचे आडोसे, जनावरांच्या कानांतील बिल्ले, दररोजचा मोजून दिलेला पंधरा किलो हिरवा चारा, आणि जनावरांमागे तेथेच मुक्काम टाकलेला घरातील एक बाप्या किंवा म्हातारा. एका शेतकऱ्यामागे पाच जनावरांची मर्यादा होती, म्हणजे सहाव्या गाईचा निर्णय मालकाने घ्यायचा. शेळ्यामेंढ्यांचा विचार तर हंगाम बराच सरल्यावर झाला. ज्या माणदेशाची ओळखच मेंढरांनी आहे, तेथील धनगर नमुन्यात बसायला उशीर लागला.

दुष्काळ जाहीर कसा होतो, हाही एक अभ्यासण्याजोगा भाग आहे. पूर्वी पिकाची पैसेवारी, त्याआधी आणेवारी, काढली जाई, आणि ती पन्नास पैशांच्या खाली आली की तगाई, वसुलीची तहकुबी वगैरे सवलती मिळत. त्या पद्धतीत गावकामगारांचे डोळे आणि पुष्कळदा वशिलाही चाले. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पाऊस, उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा, जमिनीतील ओलावा असे निर्देशांक आले आणि वशिला गेला. परंतु त्याबरोबर डोळेही गेले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सातारा जिल्ह्यातील वाई व खंडाळा आणि सांगलीतील शिराळा, कडेगाव, खानापूर व मिरज ही नावे होती. माण, खटाव, जत आणि आटपाडी नव्हती. चांदोलीच्या घनदाट जंगलालगतचा शिराळा तालुका दुष्काळी आणि जत नाही, हे वाचून पूर्व भागात लोकांनी आधी डोळे चोळले असतील, मग मोर्चे काढले. पुढे सुमारे हजार महसुली मंडळांचा दुष्काळसदृश म्हणून समावेश करून सरकारने ती कसर बरीचशी भरली. निर्देशांक खोटा नव्हता. तो सरासरीपासून किती घसरण झाली ते मोजत होता, आणि जेथे सरासरीच तळाला गेलेली तेथे घसरायला जागा फारशी उरत नाही. जो कायमचा गरीब त्याचे यंदाचे नुकसान कमी, असे हे गणित.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त अखेरीस दुष्काळाने वाडी उठून जाते, १९५५ सालची ती कादंबरी वाचून आपण हळहळतो आणि ते जुने दिवस म्हणून मिटवून ठेवतो. जत-आटपाडीच्या वाड्यांतून आजही दसऱ्या-दिवाळीनंतर उसाच्या तोडीला बैलगाड्या व ट्रॅक्टर निघतात, आणि आईबापांबरोबर पोरेही निघतात. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क हजेरीपटावर गावात राहतो आणि मूल कारखान्याच्या कोपीत. पाऊस जितका लहरी, तितकी ही टोळी मोठी.

साताऱ्यातील डोंगराळ पाटण तालुक्याची गोष्ट आणखी निराळी, कारण तेथे हक्काची झीज दोन पिढ्यांमागे सुरू झाली. जुलै २०२१ च्या त्या पावसात कोयना धरणात एका दिवसात सोळा टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी आले, आणि त्याच रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर सुटून आले. वाई तालुक्यात देवरुखवाडीवरही दरड कोसळली. रस्ते वाहून गेल्यामुळे आणि दूरध्वनी बंद पडल्यामुळे आंबेघरपर्यंत पोहोचायला बचावपथकांना फार उशीर झाला. ज्यांनी आपली माणसे उकरून काढली ते शेजारपाजारचेच होते. वाचलेल्यांना शाळांतून आणि तात्पुरत्या निवाऱ्यांतून ठेवण्यात आले, आणि तात्पुरते या शब्दाची मुदत सरकारी कागदात कधीच लिहिलेली नसते. कोयनेच्या खोऱ्यात विस्थापन हा अनुभव परका नाही. पन्नास-साठच्या दशकांत धरण बांधले गेले तेव्हा येथील माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडापर्यंत विखुरली. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ सालचा, म्हणजे धरण भरून एक तपाहून अधिक लोटल्यावरचा. आणि २०१८ साली, सहा दशकांनंतर, कोयनेचे धरणग्रस्त हक्काच्या जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. असा तोकडा, उशिरा आलेला का होईना, प्रकल्पग्रस्ताच्या हाती कायदा तरी आहे. दरडग्रस्ताच्या हाती तोही नाही. त्याच्यासाठी वेळोवेळी निघणारे शासननिर्णय आहेत. डोंगर सरकारने ढकलला नाही हे खरे, पण कोणत्या उतारावर वस्ती राहणे धोक्याचे आहे हे शोधून काढून, माणसे जिवंत असताना त्यांना पर्यायी जागा देणे हे कोणाचे कर्तव्य, याचे उत्तर शासननिर्णयात सापडत नाही, आणि माळीण, आंबेघर, इर्शाळवाडी अशी दरडींखाली गेलेल्या गावांच्या नावांची माळ लांबत जाते. अस्मानी आणि सुलतानी असा भेद करून अस्मानीपुढे हात जोडण्याची आपली जुनी सवय आहे. अस्मानच माणसाच्या धुराने बिघडलेले असताना ती सवय कोणाच्या सोयीची, ते उघड आहे.

हक्काची भाषा या भागाला बाहेरून शिकवावी लागत नाही, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. औंधच्या संस्थानाने, ज्याचा आटपाडी हा एक तालुका होता, १९३९ सालीच ग्रामपंचायतींच्या पायावर राज्यकारभार प्रजेच्या हवाली केला. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेकाठी बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्तिसंघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा धरण बांधले, ते नदीतील वाळू विकून उभारलेल्या पैशातून. आजूबाजूच्या नद्यांची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. येथे लोकांनी वाळू आमची, तिचा पैसा आमच्या पाण्याला, असा दावा मांडला आणि त्यासाठी सरकारदरबारी झगडले. त्या धरणापेक्षाही महत्त्वाचा त्याचा वाटपाचा नियम: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणसांच्या प्रमाणात, आणि भूमिहीन कुटुंबालाही वाटा. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या साथीने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, तिने समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी मोठ्या योजनांकडे नेली, आणि १९९६ साली मंजूर झालेल्या टेंभू योजनेचे पाणी अखेर आटपाडीच्या माळापर्यंत आले. त्या माळावर आज डाळिंब आणि द्राक्ष उभे आहे. समन्यायाचे तत्त्व मात्र सर्वत्र पोहोचले नाही. पाइप जेथे गेला तेथे बागायतदाराचा वाटा त्याच्या एकरांइतका आणि मजुराचा त्याच्या घागरीइतका राहिला.

ज्यांना पाइपही मिळाला नाही त्यांनी सीमेपलीकडे पाहिले. जतच्या पूर्वेकडील गावांनी २०१२ साली पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ते उकरून काढले, आणि थोड्याच दिवसांत कर्नाटकाच्या योजनेचे पाणी तिकोंडीच्या तलावात येऊन पडले. मुंबईत अस्मितेचा गदारोळ झाला, जतला पाणी नेणाऱ्या विस्तारित म्हैसाळ योजनेला गती आली. मराठी गावांना मराठी राज्यातून पाण्यासाठी निघून जावेसे वाटले, हा गदारोळाचा विषय खरा. पण त्याला अस्मिता म्हणणे ही मुंबईची सोय होती, जतकरांचा तो साधा पाण्याचा अर्ज होता.

आता दोन्ही दुःखांवर एकच औषध म्हणून जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने एक योजना आखली जात आहे: कृष्णा खोऱ्यातील पुराचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळवावे. कागदावर ती इतकी सुबक दिसते की कोणालाही मोह पडावा. तिच्या जोडीला, कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने सांगलीला पूर येतो की नाही, हा वाद आहेच. कर्नाटकाने धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेऊ नये यासाठी सांगलीत आंदोलने चालू आहेत. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही, नदीपात्रातील अतिक्रमणांकडेही बोट दाखवले, आणि कृष्णाकाठच्या पुष्कळांना तिचा तो निष्कर्ष पटलेला नाही. पूर वळवण्यासाठी तर पाणी उपसावे लागणार, आणि उपशाला वीज लागणार. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांच्या वीजबिलाचे सूत्र सध्या ८१:१९ असे आहे, म्हणजे एक्क्याऐंशी टक्के सरकारने आणि एकोणीस टक्के लाभधारकाने भरायचे. थकबाकी वाढली की पंप बंद आणि आवर्तन लांबणीवर. पुराचे पाणी ऑगस्टच्या पंधरा दिवसांत येते. त्या पंधरा दिवसांत पंप चालू ठेवण्याचा खर्च कोणत्या खात्यातून होईल, आलेले पाणी आधी गावतळ्यात जाईल की उसाच्या पाटात, आणि ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, म्हणून जो एकोणीस टक्क्यांचा धनी होऊच शकत नाही, त्याला त्या पाण्याचा लाभधारक म्हणून कोणत्या रकान्यात लिहिले जाईल, हे योजनेच्या आराखड्यातच ठरवून घ्यावे लागेल. एकदा पाणी वाहू लागल्यावर ते ठरवायला येरळाकाठी पुन्हा एक पाणी परिषद भरवावी लागेल, आणि या वेळी नागनाथअण्णा नाहीत.